घरचा शब्द, पेपरचा शब्द

आमच्या शाळेत कविता फक्त शुक्रवारी शिकवली जायची. शाळेच्या तिन्ही बाजूंना लूमचे कारखाने, आणि शुक्रवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा वार. बाकीचे दिवस खिडक्या लावल्या तरी खटखट आत यायची, आणि उन्हाळ्यात त्या लावायची सोय नव्हती. "व्याकरण ओरडून शिकवता येतं, कविता येत नाही," असं खोतबाईंचं म्हणणं, आणि वर्षभराचं नियोजन त्यांनी त्याच हिशेबाने बसवलेलं होतं. मुख्याध्यापकांनी एकदा भीतभीत विचारलं, "बाई, पुस्तकातल्या क्रमाचं काय?" बाई म्हणाल्या, "क्रम पुस्तकवाल्यांनी पुण्यात बसून लावलाय, सर. तिथे लूम नाहीत." मुख्याध्यापक मान हलवून निघून गेले.

भिवंडीत धामणकर नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची ती शाळा होती. मराठी माध्यमाची. मी तिथे ब्याऐंशी साली लागले तेव्हा मला तेविसावं चालू होतं आणि खोतबाई चव्वेचाळीसच्या असतील. उंच, शिडशिडीत, कांजीची सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात. शाळेच्या फाटकातून आत आल्या की डोक्यावरचा पदर खाली यायचा आणि संध्याकाळी फाटकाशी पुन्हा वर जायचा. खडू त्या साबणाच्या अॅल्युमिनियमच्या डबीत ठेवायच्या, म्हणजे हाताला आणि पर्सला पांढरं लागत नाही. चहा बशीतून प्यायच्या, पण आवाज न करता, आणि हे कसं जमतं ते मला चौदा वर्षांत कळलं नाही. वह्या तपासायला लाल शाई नाही, पेन्सिल. "चूक मुलाने सुधारली की मला माझी खूण खोडता यायला हवी," म्हणायच्या.

त्यांची मराठी म्हणजे इस्त्रीची घडी. शब्द मोडका नाही, वाक्य अर्धवट नाही. दहावीचं मराठी त्यांच्याकडे कित्येक वर्षं होतं आणि शाळेत त्याला कोणी हात लावायचं धाडस करत नसे. एकदा तपासणीला आलेले साहेब त्यांचा तास ऐकून खूश झाले. जाताना म्हणाले, "बाई, कमाल आहे. मुसलमान असून इतकं शुद्ध मराठी बोलता!" बाईंनी डबीचं झाकण लावलं. "साहेब, शुद्ध असतं ते तूप. भाषा असते नीट किंवा गचाळ." मग जरा थांबून, अगदी आदराने म्हणाल्या, "तुम्हीही बरं बोलता."

त्या मुसलमान आहेत हे मला नोकरीला लागल्यावर आठवडाभर ठाऊक नव्हतं. इथे माझी फजिती सांगायला हवी, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. माझे वडील कचेरीत कारकून. आमचं घर गावातल्या जुन्या आळीत, दोन पिढ्यांपासूनचं. खोत हे आडनाव मी लहानपणापासून हिंदूंचंच ऐकलेलं, आणि बाईंना सगळे नुसतं खोतबाईच म्हणत. मला आठवी क मिळाली होती. त्यात लूमवर काम करणाऱ्यांची मुलं बरीच. चौथ्या की पाचव्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी दमून बसले आणि म्हणाले, "खोतबाई, तुमचं बरं आहे. तुमच्या वर्गात सगळी आपली मुलं. माझ्याकडे निम्मी त्यांची."

बाईंनी बशी खाली ठेवली. "हो, माझ्याकडे सगळी आपलीच असतात," त्या म्हणाल्या. "हजेरी मी स्वतः घेते ना."

मला त्यातलं काही कळलं नाही. तेवढ्यात शिपाई आत आला आणि त्यांना म्हणाला, "बाई, ईदची सुट्टी शनवारी धरायची का रविवारी? तुमच्या घरी काय म्हनतायत?" धरणी दुभंगेल तर बरं असं वाटलं. बाईंनी शिपायाला शांतपणे उत्तर दिलं, घड्याळ बघितलं, आणि तासाला जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. "वैद्यबाई, उद्यापासून डबा माझ्यासोबत खा. एकट्या खाता, बरं दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी मी 'वैद्यबाई'ची 'नीला' झाले आणि 'तुम्ही'ची 'तू'. शाळेत त्यांनी 'तू' म्हटलेली मी एकटीच होते. या गोष्टीचा मला केवढा अभिमान होता ते आता सांगतानाही लाज वाटत नाही.

पुढच्या वर्षी ईदला त्यांनी मला टेमघरच्या घरी बोलावलं. आईने जाताना बजावलं, "फक्त गोड खा हो." मीही मनात काहीबाही चित्र रंगवून गेले होते. घरात उर्दू चालत असणार, आपल्याला कळेल की नाही, आदाब करायचं की नमस्कार. दारातच बाईंच्या म्हाताऱ्या आई खुर्चीत बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला खालून वरून बघितलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "रुकय्या, ही पोरगी कोनाची गो? बारीक हाय. हिला सांदना दे. मना पन पानी दे."

आतून बाईंचा आवाज आला, "देतंय गो आये, जरा दम हाय का न्हाय तुना!"

मी चाटच पडले. तोच आवाज, पण इस्त्री नावाला नाही. राहनाळची, काल्हेरची बाया-माणसं बाजारात भाजी घेऊन येतात, ती अशीच बोलतात. बाई सांदणांचं, वाफवलेल्या तांदळाच्या गोड वड्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या, माझा चेहरा बघितला आणि त्यांचा स्वतःचा चेहरा बदलला. नंतर मला फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या घरात हे असं बोलतात. आम्ही कोकणी मुसलमान, आमची हीच भाषा. शाळेत बोलू नकोस."

"त्यात काय लपवायचं बाई? गोडच वाटलं मला."

"तुला गोड वाटेल," त्या म्हणाल्या. "मी घरी उर्दू बोलते असं लोकांना वाटतं, ते चालतं. उर्दूला मान आहे. हे ऐकलं तर म्हणतील, हिला मुळात मराठीच येत नाही. उद्या दहावीचं मराठी काढून घेतील."

मला तो अतिरेक वाटला. दहावीचं मराठी त्यांच्याकडून कोण काढून घेणार?

पुढचा मे महिना चौऱ्याऐंशीचा. त्या मे महिन्याच्या दंगलीत गावात काय झालं ते भिवंडीच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. शाळा जूनमध्ये उशिरा उघडली. मुलं कमी होती, आणि जी होती ती फार शहाण्यासारखी बसायची. बाईंच्या घरची माणसं सुखरूप होती, एवढंच मी विचारलं आणि एवढंच त्यांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात मला संस्थेच्या चिटणिसांनी बोलावलं. शेजारी मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत बसले होते. चिटणीस वाईट माणूस नव्हते, मला आजही तसं वाटत नाही. आवाज मऊ ठेवून ते म्हणाले, "यंदा दहावीचं मराठी तुम्ही घ्या. काही पालकांचं म्हणणं आलंय. खोतबाईंच्या ज्ञानाबद्दल प्रश्नच नाही. पण भाषा म्हणजे नुसतं व्याकरण नसतं हो, त्यात संस्कृती असते. ती घरातूनच यावी लागते. तुमच्या घरात ती आहे."

दोन वर्षांच्या नोकरीत दहावी! मी हो म्हणाले. विचार करते म्हणून तरी सांगायचं, तेवढंही सुचलं नाही. जिना उतरताना मनात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, हे खरं आहे आणि ते लिहूनच टाकते.

बाईंना सहावीचा भूगोल आणि सातवीचं मराठी दिलं गेलं. त्यांनी वेळापत्रक वाचलं, चष्मा उतरवला, पुसला, पुन्हा घातला. मग कपाटातून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. दहावीच्या एकेका पाठाची टिपणं होती, कितीतरी वर्षांची. "शुक्रवार विसरू नकोस," म्हणाल्या, आणि सहावीवर गेल्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं. वही उचलून छातीशी धरली आणि तशीच उभी राहिले.

त्या वर्षी दहावीत राहनाळची हिरा पाटील होती. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, शेवटून दुसऱ्या बाकावर. लेखी उत्तरं बरी लिहायची, तोंड मात्र उघडायची नाही. मी ठरवलं, हिला बोलतं करायचं. एक दिवस धडा वाचायला उभं केलं. धड्यात बैलगाडी होती. हिराने वाचलं, "गारी घाटाच्या पायथ्याशी थांबली."

"गाडी," मी म्हटलं.

"गारी," हिरा म्हणाली.

मागून एकाने मोठ्याने म्हटलं, "बाई, ये गारी दे रही है!" त्याचे वडील जौनपूरकडून लूमवर आलेले, आणि त्यांच्याकडे गारी म्हणजे शिवी. वर्ग फुटला. हसू आवरेना कोणाला. मलाही आलं. आणि हसू आल्याची लाज वाटून मी उलट जास्त कडक झाले. "ड, हिरा. डमरूचा ड. म्हण, गाडी. दहा वेळा म्हण." ती दहा वेळा म्हणाली. प्रत्येक वेळी 'ड' आणि 'र' यांच्या मधलं काहीतरी बाहेर पडत होतं, आणि प्रत्येक वेळी वर्ग हसत होता. शेवटी विचारलं, "बरं, गाडी कुठे थांबली?" ती म्हणाली, "मना न्हाय ठावं," आणि खाली बसली.

पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. मधल्या सुट्टीत डबा खाताना मी खोतबाईंना हे सांगितलं. आमचा डबा अजून एकत्रच होता, बाईंनी तो मोडला नव्हता. सांगून झाल्यावर मी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "आपण तरी किती करणार? घरातच संस्कृती नसेल तर शाळेत कुठून आणायची?"

शब्द तोंडातून गेला तेव्हाच मला कळलं की तो कोणाचा होता. बाईंनी घास हातातच ठेवला. मग डबा बंद करून म्हणाल्या, "शेवटचे दोन तास मोकळे आहेत ना तुझे? चल."

"कुठे?"

"राहनाळला. तुझी गाडी कुठे थांबलीये ते बघायला."

शेअर रिक्षाने गेलो. तेव्हा राहनाळला शेतं होती आणि शेतांच्या मध्ये नवी गोदामं उभी राहत होती. हिराचं घर विचारत विचारत सापडलं. तिची आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून उठली, सतरंजी घातली. हिरा दाराआड होती, तिच्या वेण्यांची टोकं दिसत होती. मी सुरुवात केली. दहावीचं महत्त्व, मुलींचं शिक्षण, वर्ष वाया जाणं. वाक्यं सगळी नीट होती. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ती न्हाय यायाची आता शालंत. पोरा हसतान तिला. पॅकिंगच्या कामाला लावताव."

मी पुन्हा तोंड उघडलं. खोतबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाय वर घेऊन ओट्यावर नीट मांडी घातली.

"मना पन हसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आठवीन. घोरा वाचला मी, न् आख्खा वर्ग हसला. घरा येऊन आयशीला सांगितला, मी न्हाय जायाची. आयशीनी एक कानाखाली दिली, बोल्ली, जा."

हिराच्या आईचं सूप थांबलं. दाराआडच्या वेण्या बाहेर आल्या.

"तुमी कनच्या गावच्या?" आईने विचारलं.

"टेमघरची."

"टेमघरान कोनाच्या?"

"खोतांची."

"मंग आमच्यातल्याच की!"

"न्हाय," बाई म्हणाल्या. "आमी मुसलमान."

त्या वर्षी, त्या गावात, या वाक्यानंतर काय होईल हे कोणालाच सांगता आलं नसतं. बाईंनी ते सांगण्याची काही गरजही नव्हती. हिराच्या आईने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाली, "बोली त आमचीच हाय."

"तुमची का आमची, कोनाला ठावं," बाई म्हणाल्या.

"च्या ठेवताव," असं म्हणून ती उठली.

नंतर अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या. भाताचं बोलल्या, कोणाच्या तरी लग्नाचं बोलल्या, हिराच्या बापसाचं बोलल्या. मला निम्मं कळत होतं. हसल्या की मीही हसायचे, पण अर्धा क्षण उशिरा. माझा जन्म तिथून तीन मैलांवर झाला होता आणि त्या ओट्यावर पाहुणी मी एकटीच होते. चहा होईपर्यंत हिरा बाईंच्या शेजारी येऊन बसली होती.

परतताना रिक्षात बाई पुन्हा इस्त्रीच्या मराठीत आल्या. "या शुक्रवारी तुझा दहावीचा तास मला दे."

शुक्रवारी लूम बंद होते. हिरा आली होती. बाई दहावीच्या वर्गात शिरल्या तेव्हा पोरं उभी राहिली आणि बराच वेळ बसायला तयारच होईनात. बाईंनी डबीतून खडू काढला, फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'घरचा शब्द', उजवीकडे 'पेपरचा शब्द'. उजवीकडे 'गाडी' लिहिलं, डावीकडे 'गारी'.

"हा माझ्या घरचा शब्द आहे," त्या म्हणाल्या. "मी घरी गारी म्हणते. घोरा म्हणते. मना न्हाय ठावं म्हणते. पेपरात गाडी लिहिते. घरची चप्पल घराला, शाळेचे बूट शाळेला. बूट घातले म्हणून चप्पल कोणी टाकून देतं का?"

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. ज्या गोष्टीची त्यांना टेमघरच्या फाटकाशी इतकी भीती वाटली होती, ती त्या पन्नास मुलांपुढे सांगून मोकळ्या झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ती गावभर होणार होती, आणि दहावीचं मराठी परत मिळायची उरलीसुरली आशा होती तीही त्याबरोबर जाणार होती. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग त्यांनी त्या जौनपूरवाल्याला उभं केलं. तो घाबरला. "तुझ्याकडे गारी म्हणजे काय?" "गाली, टीचर." बाईंनी फळ्यावर तिसरी रेघ मारली आणि तेही लिहिलं. वर्ग हसला, पण आता ते हसणं वेगळं होतं, हिराही त्यात होती. मग शब्दांचा पाऊसच पडला. वाडा-वारा, डोळा-डोला. कोणी आगरी, कोणी कोकणी, कोणी तेलुगू घरचा पद्मशाली. फळा पुरेना.

"वैद्यबाई," मुलांपुढे त्या मला तसंच म्हणत, "तुमचा घरचा शब्द?"

"गाडी," मी म्हटलं.

"आणि पेपरचा?"

"गाडी."

बाईंनी दोन्ही खान्यांत 'गाडी' लिहिलं आणि पुढे गेल्या. मी मात्र तिथेच राहिले. माझ्या घरचा शब्द आणि पेपरचा शब्द आधीपासून एकच होता. जन्मापासून मला बूट घालूनच ठेवलेलं, आणि तेवढ्यावर मी स्वतःला हुशार समजत आले होते. हिराला रोज घरून शाळेत येताना जेवढं चालावं लागत होतं, तेवढं मी कधी चाललेच नव्हते. चिटणीस ज्याला संस्कृती म्हणत होते ते एवढंच होतं, असं त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं.

हिरा त्या वर्षी पास झाली. मराठीत एकसष्ट. पुढे डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. त्या परीक्षेनंतर मी मे महिनाभर मनाशी ठरवत होते, आणि जूनमध्ये चिटणिसांकडे गेले. म्हणाले, "मला दहावीचं मराठी येत नाही."

"येत नाही म्हणजे? तुमच्या घरात..."

"घरात आहे," मी म्हटलं. "मला शिकवता येत नाही. खोतबाईंना येतं."

दुसरं कोणी नव्हतंही शाळेत. वेळापत्रक बदललं. दहावीपुढे पुन्हा 'खोत' लिहिलं गेलं. मी धावत बाईंकडे गेले, वही त्यांच्या हातात दिली. शाबासकीच्या आशेने गेले होते, दुसरं काय!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घेतलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. सोडलंस तेव्हाही विचारलं नाहीस. मधल्यामध्ये मी काय वस्तू होते?"

"बाई, पण तुम्हाला परत मिळालं ना..."

"मिळालं नाही. तू सोडलंस. दोन क्रियापदं आहेत ती. व्याकरण शिकवतेस ना?" त्यांनी वही पर्समध्ये ठेवली. "आभारी आहे, वैद्यबाई. तुम्ही तुमच्या तासाला जा."

तेव्हापासून मी पुन्हा वैद्यबाई झाले. भांडण नाही, अबोला नाही. डबा एकत्र, चहा एकत्र. माझ्या लग्नात आल्या, मुलाच्या बारशाला सांदणं घेऊन आल्या. पण 'तुम्ही' गेलं नाही. ब्याण्णवच्या डिसेंबरात गाव श्वास रोखून बसलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्या दिवसांत मी माहेरी होते, आणि एका दुपारी बाई छत्री टेकत आमच्या आळीत आल्या. दहावीचे तपासलेले पेपर हातात. "वैद्यबाई, हे तुमच्याकडे ठेवा, तुमचं घर शाळेला जवळ." आई म्हणाली, "आत या हो, या दिवसांत कशाला निघालात?" त्यांनी पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मोजून घ्या." मी मोजून घेतले. त्या आळीच्या टोकापर्यंत जाईतो आई आणि मी दारात उभ्या होतो.

दहावीचं मराठी त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. फळ्यावरची उभी रेघ रोज असायची. निरोप समारंभात नवे चिटणीस त्यांच्या 'शुद्ध' मराठीबद्दल बोलले आणि खाली बसलेली सगळी मुलं एकसुरात ओरडली, "शुद्ध असतं ते तूप!" बाई काय त्या तेवढ्यालाच हसल्या. मला जाताना म्हणाल्या, "येते, वैद्यबाई. शुक्रवार सांभाळा."

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या गेल्या. पण त्याआधी, त्याच वर्षी, एकदा दिसल्या. ती शेवटची भेट. धामणकर नाक्यावर संध्याकाळी मी शेअर रिक्षासाठी उभी होते. भोंगे, टेम्पो, कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हातगाड्या, आणि मागे लूमची ती खटखट. रिक्षा येत होत्या आणि भरून जात होत्या. टेमघरच्या बाजूला निघालेली एक रिक्षा माझ्यासमोर अडकली. आत तीन बायका, कडेला खोतबाई. पदर डोक्यावर, चष्मा दोरीत, मांडीवर छत्री. फार वाळल्या होत्या. मी हात वर केला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि भर नाक्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली,

"नीला! गारी न्हाय गावली तुना?"

तेरा वर्षांनी नीला. आणि माझ्याशी त्या बोलीत, उभ्या जन्मात पहिल्यांदा. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, तेही तसंच. मी धीर करून म्हटलं, "न्हाय बाई. एक पन गाडी..."

बाईंनी रिक्षातून बोट बाहेर काढलं. वर्गात काढायच्या तसंच.

"गाडी न्हाय. गारी. बोल."

"गारी," मी म्हटलं.

"परत."

"गारी."

"हां. आता नीट," त्या म्हणाल्या. पुढची वाट मोकळी झाली, रिक्षा हलली, ते बोट थोडा वेळ दिसत राहिलं आणि मग टेम्पोच्या आड गेलं.

मी तशीच उभी होते, डोळे पुशीत. शेजारच्या रिक्षाचा चालक उत्तरेकडचा, तरुण होता. त्याने सगळं बघितलं होतं. तो हसत म्हणाला, "क्या मॅडम, गारी किसको दे रही हो?"

"किसीको नहीं," मी म्हटलं. "घर का शब्द है."